क्रेडिटं पूर्ण, ईओसी बाकी

टेक्सासमध्ये सरकारी हायस्कूलचा डिप्लोमा मिळायला दोन वेगवेगळे हिशेब पूर्ण व्हावे लागतात. एक क्रेडिटांचा, म्हणजे वर्गात पास केलेल्या विषयांचा, आणि दुसरा ईओसीचा. ईओसी म्हणजे एंड ऑफ कोर्स. विषय शिकून संपत आला, की त्याच वर्षी राज्यातर्फे घेतली जाणारी परीक्षा. वर्गात शिक्षकांनी चांगले मार्क दिले आणि राज्याच्या परीक्षेत मुलगी नापास झाली, तर क्रेडिट मिळतं पण डिप्लोमा अडतो. राज्याच्या परीक्षेत उत्तम गुण पडले आणि वर्गात नापास झाली, तर क्रेडिटच मिळत नाही. एक हिशेब दुसऱ्याची भरपाई करत नाही. दहावीच्या एका निकालावर सगळं ठरतं अशा घरातून आम्ही आलो होतो. आमच्या हे अंगवळणी पडायला पहिलं वर्ष जवळजवळ सगळं गेलं.

मी सांगलीत बरीच वर्षं नववी-दहावीला गणित शिकवलं. 2022 च्या जुलैत मी आणि लेक डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात आलो. नवरा आधीच कंपनीच्या कामावर इथे होता. लेक नुकतीच नववी झाली होती, सेमी-इंग्लिशमधून. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. इंग्रजी हा तिसऱ्या भाषेचा विषय. दहावीला बसवूनच आणावं, असा सल्ला दोन्हीकडच्या आजी-आजोबांनी दिला होता. ‘बोर्डाचं सर्टिफिकेट हातात असू दे, पुढं कुठं अडायला नको,’ असं सासरे म्हणत होते. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण व्हिसाची आणि घराची गणितं वेगळी होती, आणि आम्ही आलो.

इथे शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होते. नाव घालायला गेलो तेव्हा पहिल्याच कागदावर प्रश्न होता, घरात मुख्यतः कोणती भाषा बोलता. आम्ही मराठी लिहिलं. इंग्रजीखेरीज दुसरी भाषा लिहिली की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. मग एक समिती बसते, तिला सगळे एलपॅक म्हणतात. तिच्यात शिक्षक, शाळेचा अधिकारी आणि अशाच एखाद्या विद्यार्थ्याचे पालक असतात. मूल इंग्रजी शिकणाऱ्यांच्या यादीत घ्यायचं का आणि परीक्षेला त्याला कोणती मदत द्यायची, हे ती ठरवते. पालकांना नकार देता येतो. ओळखीच्या एका घराने नकार दिला होता. मुलीवर शिक्का नको, असं त्यांना वाटत होतं. मला मात्र ती यादी म्हणजे शिक्का वाटली नाही. लेकीला इंग्रजी वाचता येत होतं, पण वर्गात हात वर करून बोलताना तिचा घसा कोरडा पडायचा. मदत मिळत असेल तर ती का सोडायची? आम्ही सही केली.

त्यानंतर काउन्सेलरबाईंची भेट. इथला काउन्सेलर विषय, क्रेडिटं, वेळापत्रक, कॉलेजचे अर्ज हे सगळं बघतो. त्यांनी एक तक्ता समोर ठेवला. मूळ डिप्लोम्याला 22 क्रेडिटं: इंग्रजीची 4, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांची प्रत्येकी 3, इंग्रजीखेरीज एका भाषेची 2, कलेचं 1, शारीरिक शिक्षणाचं 1, बाकी ऐच्छिक. त्याच्या वर ‘एन्डोर्समेंट’ घेतलं, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान, व्यवसाय, लोकसेवा, कला किंवा बहुविषय यांपैकी एक दिशा निवडली, तर गणित-विज्ञान चार-चार आणि एकूण 26. त्यात अल्जिब्रा-2 असलं पाहिजे, तरच वरच्या दर्जाचा डिप्लोमा मिळतो. वर्गातल्या वरच्या दहा टक्क्यांतल्या मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश देणारा टेक्सासचा 1997 चा कायदा आहे, त्यासाठीही हा वरचा दर्जा लागतो. लेक दहावीत बसणार होती. म्हणजे 26 क्रेडिटांसाठी हातात तीन वर्षं, आणि सांगलीच्या नववीतून जे मान्य होईल तेवढंच जमेस.

इथे कागद कामाला आले. राज्य मंडळाचं नववीचं गणित दोन भागांत असतं, भाग एक बीजगणित आणि भाग दोन भूमिती, ही गोष्ट अमेरिकन शाळेला आपोआप कळत नाही. गुणपत्रिकेवर नुसतं ‘गणित’ लिहिलेलं असतं. मी माझ्या जुन्या मुख्याध्यापिकांना फोन केला. त्यांनी शाळेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, भाग एकमधल्या प्रकरणांची नावं इंग्रजीत लिहून दिली: संच, वास्तव संख्या, बहुपदी, दोन चलांतली रेषीय समीकरणं, सांख्यिकी. त्या एका पत्रावर अल्जिब्रा-1 चं क्रेडिट मान्य झालं. त्याबरोबर दुसरी गोष्टही मिळाली, जी आम्हाला माहीत नव्हती. टेक्सासच्या सरकारी शाळेत येण्याआधी बाहेर मिळवलेलं क्रेडिट शाळेने स्वीकारलं, की त्या विषयाची ईओसी द्यावी लागत नाही. डिप्लोम्याला लागणाऱ्या पाच ईओसींपैकी एक गेली. वर्गसमीकरणं आपल्याकडे दहावीत येतात, ती तिची राहिली होती. ती मी त्या शरद ऋतूत घरी, जेवणाच्या टेबलावर घेतली. शिकवण्याची माझी सवयही तेवढीच जिवंत राहिली.

मराठीची दोन क्रेडिटं भाषेच्या रकान्यात गेली. त्या रकान्यात आपली भाषा छापलेली पाहून मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. नववीचं विज्ञान मान्य झालं, पण ते एकत्रित विज्ञान म्हणून. जीवशास्त्र वेगळं नाही, म्हणून बायॉलॉजी इथे शिकायचं आणि तिची ईओसी द्यायची. इतिहास-भूगोल ऐच्छिकांत धरले गेले. इंग्रजी मात्र शून्यापासून. इंग्रजी-1, इंग्रजी-2, इंग्रजी-3, इंग्रजी-4, चारही विषय तीन वर्षांत. पहिली दोन वर्षं बाहेरून आलेल्या मुलांसाठी असलेल्या ईसॉलच्या वर्गात. ते वर्ग इंग्रजी-1 आणि 2 च्या जागी धरले जातात.

म्हणजे द्यायच्या परीक्षा चार: बायॉलॉजी, इंग्रजी-1, इंग्रजी-2 आणि अमेरिकेचा इतिहास.

पाचच परीक्षा का, हे मी नंतर वाचून काढलं. टेक्सासमध्ये राज्यव्यापी परीक्षा 1980 पासून आहेत. दर काही वर्षांनी नाव बदलतं, काठिण्य वाढतं. 2012 मध्ये ‘स्टार’ ही आताची मालिका आली, तेव्हा हायस्कूलच्या मुलाला तब्बल 15 ईओसी द्यायच्या होत्या. भूमिती, रसायन, भौतिक, जागतिक भूगोल, सगळ्याच्या. पालक चिडले. त्यांत आया पुढे होत्या. त्या ऑस्टिनला विधानभवनात जाऊन समित्यांसमोर बोलल्या, संघटना काढली. 2013 मध्ये हाउस बिल 5 आलं आणि 15 च्या 5 झाल्या. मला हे वाचून फार बरं वाटलं. आपल्याकडे बोर्डाच्या निर्णयाविरुद्ध वर्तमानपत्रात पत्रं येतात, शिक्षक संघटना निवेदन देतात. पण नुसत्या पालकांनी, मुलांच्या आयांनी, वर्षा-दीड वर्षात कायदा फिरवलेला मी पाहिला नव्हता.

बायॉलॉजीबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. पेशी, आनुवंशिकता, उत्क्रांती, परिसंस्था. सेमी-इंग्लिशमुळे शब्द ओळखीचे होते, आकृत्या येत होत्या. 2023 च्या वसंतात तिने परीक्षा दिली आणि चांगली पास झाली.

इंग्रजी-1 तिला जड गेलं, आणि या सगळ्या प्रवासात सविस्तर सांगावं असं तेच आहे.

त्या वर्षी स्टारचं रूपच बदललं होतं. परीक्षा संगणकावर, बहुपर्यायी प्रश्नांना मर्यादा, आणि निबंध उताऱ्याला जोडलेला. आधी उतारा वाचायचा, मग त्यावर पान-दीड पानाचं लिखाण करायचं. वेळेचं दडपण नसतं, शाळा सुटेपर्यंत बसता येतं. शब्दकोश वापरायची मुभा असते, दोन भाषांचा छापील कोशही चालतो. आम्ही सांगलीहून मागवलेला इंग्रजी-मराठी कोश ती घेऊन गेली. परीक्षेच्या आधी तो शाळेत देऊन ठेवायचा होता. पानांवर काही लिहिलेलं नाही ना, हे त्यांनी तपासलं. हायस्कूलच्या ईओसी फक्त इंग्रजीतच होतात. स्पॅनिशमधली स्टार लहान वर्गांपुरतीच आहे. मराठी मुलांइतकीच ही अडचण ग्वाटेमालाहून, व्हिएतनामहून, काँगोहून आलेल्या मुलांची आहे. तिच्या ईसॉलच्या वर्गात ती सगळी होती, आणि त्या वर्गातच तिला पहिल्यांदा मैत्रिणी मिळाल्या.

निकाल जूनच्या अखेरीस आले. इंग्रजी-1 ला ‘अप्रोचेस’ हा सर्वांत खालचा पास-दर्जा 3775 ला आहे. तिचे गुण त्याच्या थोडे खाली होते. वर्गात मात्र ती पास झाली होती, क्रेडिट मिळालं होतं. माझ्या शीर्षकातली स्थिती ती हीच.

तिचा चेहरा पाहून नवरा म्हणाला, ‘अगं, वर्ष नाही गेलं तुझं. अकरावीतच जाणार आहेस.’ हे खरं होतं, आणि या व्यवस्थेतली ही गोष्ट मला मनापासून पटते. सांगलीत मी इंग्रजी किंवा गणितात अडकून दहावीलाच थांबलेली मुलं पाहिली आहेत. हुशार होती, हाताने कामसू होती, पण त्या एका निकालानंतर पुन्हा शाळेच्या बाकावर आली नाहीत. पुढे जुलैतली पुरवणी परीक्षा आली, एक-दोन विषय राहिले तरी अकरावीत बसू देणारी एटीकेटी आली, आणि त्याने अनेकांचं भलं झालं. इथे हे तत्त्व अगदी पायातच आहे. ईओसीत नापास झालं तरी मूल पुढच्या वर्गात जातं. परीक्षा जूनमध्ये, डिसेंबरमध्ये, पुन्हा वसंतात देता येते. शाळेला त्या मुलासाठी जादा शिकवणी द्यावीच लागते, कायद्याने.

ऑगस्टमध्ये एलपॅकची बैठक झाली. तिथे कळलं की इंग्रजी-1 पुरती एक सवलत आहे. अमेरिकेतल्या शाळेत तीन वर्षांहून जास्त काळ झालेला नाही, दरवर्षीच्या टेल्पास परीक्षेत इंग्रजी वाचनाची वरची पायरी अजून गाठलेली नाही, आणि वर्गातला विषय पास झालेला आहे, अशा मुलाला इंग्रजी-1 ची परीक्षा पुन:पुन्हा द्यायची सक्ती नाही. तिच्या बाबतीत तिन्ही गोष्टी लागू होत्या. समितीतल्या बाई म्हणाल्या, ‘तिने नाही दिली तरी चालेल. इंग्रजी-2 ला मात्र अशी सवलत नाही.’

घरी आल्यावर त्यावर बराच विचार झाला. नवऱ्याचं मत होतं, सवलत घ्यावी आणि सगळं लक्ष इंग्रजी-2 वर द्यावं. मला वाटत होतं, दोन्ही परीक्षांचा साचा एकच आहे. वाचन, छोटी उत्तरं, उताऱ्यावरचा निबंध. डिसेंबरमध्ये इंग्रजी-1 दिली तर एप्रिलमधल्या इंग्रजी-2 ची ती खरीखुरी तालीम होईल, आणि अपयश आलं तरी काही बिघडणार नाही. शेवटी लेकच म्हणाली, ‘आई, मला देऊ दे. मला कळलं पाहिजे मी कुठं अडले ते.’

ते कळायची सोय आहे, आणि ती फार मोलाची आहे. राज्याच्या संकेतस्थळावर पालकांना एक सांकेतिक क्रमांक देऊन मुलाचा निकाल उघडता येतो. नुसते गुण दिसत नाहीत. प्रश्न, तिचं उत्तर, बरोबर उत्तर, आणि तिने लिहिलेला निबंध जसाच्या तसा. बोर्डाची उत्तरपत्रिका पाहायला लागणारे अर्ज, शुल्क, मुदती मी शिक्षिका म्हणून जवळून पाहिल्या आहेत. इथे आम्ही दोघी सोफ्यावर बसून तिचा निबंध वाचत होतो.

निबंध छान होता. म्हणजे आपल्याकडच्या नजरेने छान. सुरुवात एका सुविचाराने, मग निसर्गाचं वर्णन, मग एक आठवण, शेवटी आवाहन. भाषाही बऱ्यापैकी शुद्ध होती. गुण जवळजवळ नव्हते. कारण प्रश्नात विचारलं होतं, लेखकाने उताऱ्यात जे मांडलं ते पटवून द्यायला त्याने काय काय वापरलं. तिने उताऱ्यातलं एकही वाक्य घेतलं नव्हतं. तिने त्या विषयावर निबंध लिहिला होता.

गुण देण्याची रीत सगळ्यांना बघायला खुली आहे. मांडणी आणि विचारांच्या विस्ताराला 0 ते 3, भाषेच्या नियमांना 0 ते 2. दोन परीक्षकांचे मिळून दहातले गुण होतात. त्यात एक कलम असं, की विचारांच्या विस्ताराला 0 मिळालं तर शुद्धलेखनाचेही गुण 0. म्हणजे उताऱ्यातला पुरावा नसेल, तर स्वच्छ इंग्रजीलाही किंमत नाही. मी ते वाचलं तेव्हा आधी कठोर वाटलं. मग वाटलं, गणितात मीही हेच मागत होते. उत्तर बरोबर असलं तरी रीत दाखव.

तो सगळा सेमिस्टर तिच्या ईसॉलच्या बाईंनी तिला एकच गोष्ट शिकवली. पहिल्या परिच्छेदात तुझं म्हणणं एका वाक्यात सांग. मग उताऱ्यातली ओळ अवतरणचिन्हांत घे. मग ती ओळ तुझं म्हणणं कसं सिद्ध करते ते सांग. पुन्हा दुसरी ओळ. जुन्या प्रश्नपत्रिका राज्याने खुल्या ठेवल्या आहेत. नमुन्याचे निबंध, प्रत्येकाला किती गुण आणि का, याची टिपणंही आहेत. आम्ही ते छापून घेतले. रविवारी सकाळी ती एक निबंध लिहायची आणि मी गुण द्यायची. इंग्रजी माझा विषय नव्हे, पण पुरावा आहे की नाही हे मला दिसतं. पहिल्या आठवड्यांत ती चिडायची. ‘हे काय लिहिणं आहे? यात माझं काही नाहीच,’ असं म्हणायची. मला तिचं दुःख कळत होतं. सांगलीत तिचे निबंध भित्तिपत्रकावर लागायचे. मी तिला सांगितलं की ते लिहिणं सोडू नकोस, वहीत लिही, मराठीत लिही. ही परीक्षा तुझ्या त्या लिहिण्याची नाही. दुसऱ्याचं नीट वाचता येतं का, एवढंच ती विचारते आहे.

आजही मला वाटतं, आपल्या मराठी शाळांत हे शिकवायला हवं. कल्पनाविस्तार आम्ही शिकवतो, आत्मवृत्त शिकवतो, ते मोलाचंच आहे. पण समोरच्या मजकुरातून पुरावा काढून दाखवणं, हे आम्ही प्रश्नोत्तरांच्या दोन ओळींपुरतंच ठेवतो. माझ्या लेकीला अमेरिकेत येऊन जे कष्टाने कमवावं लागलं, ते सांगलीतल्या आठवीच्या वर्गातही जमलं असतं.

डिसेंबरमध्ये तिने इंग्रजी-1 दिली. त्याच महिन्यापासून टेक्सासने लेखी उत्तरं तपासायला संगणकप्रणाली वापरायला सुरुवात केली. साधारण चौथा हिस्सा उत्तरं माणसांकडे जातात, बाकी यंत्र तपासतं. ही बातमी पुढच्या वसंतात सगळीकडे आली आणि शिक्षकांनी बरीच हरकत घेतली. मलाही ते मनाला लागलं. पंधरा-सोळा वर्षांचं पोर परक्या भाषेत चार परिच्छेद उभे करतं, ते निदान एका माणसाने वाचावं, असं मला वाटतं. निकाल पटला नाही तर शाळेमार्फत फेरतपासणी मागता येते. आम्हाला ती वेळ आली नाही. ती पास झाली. ‘अप्रोचेस’च्या पुष्कळ वर, ‘मीट्स’ या त्यापुढच्या दर्जाच्या 4000 च्या अगदी जवळ.

एप्रिल 2024 मध्ये इंग्रजी-2 झाली, पहिल्याच खेपेला, आणि 4000 च्या वर.

त्याच वर्षी अमेरिकेचा इतिहास होता. हायस्कूलच्या या विषयात 1877 नंतरचाच काळ आहे. मी तिच्याबरोबर सगळं पुस्तक वाचलं, कारण हा देश आमच्या अंगणात होता आणि मला त्याचं काहीच माहीत नव्हतं. कारखाने, स्थलांतर, 1882 चा चिनी लोकांना बंदी घालणारा कायदा, महामंदी, धुळीची वादळं, युद्ध, मग 1954 चा शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धचा ब्राउन खटला. टेक्सासच्या अभ्यासक्रमात मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्धचे खटलेही आहेत, आणि कॉर्पस क्रिस्टीचे डॉक्टर हेक्टर गार्सिया आहेत, ज्यांनी युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली. लेकीला सनावळी लक्षात राहत नव्हती. मग तिने भिंतीवर कागदाची लांब पट्टी लावली आणि आपली माणसं त्यावर लिहिली. 1886, फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर होतात. 1913 ते 1916, बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात. त्यांच्या आजूबाजूला पुस्तकातली प्रकरणं बसत गेली. बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले तेव्हा तिथे सुधारणेच्या चळवळींचा काळ चालू होता. मुलांच्या मजुरीविरुद्ध, मक्तेदाऱ्यांविरुद्ध, बायकांच्या मताधिकारासाठी लोक झगडत होते. आणि त्याच वेळी दक्षिणेत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. हे दोन्ही एकाच पट्टीवर पाहिल्यावर तिला तो काळ कळला, आणि मलाही. या विषयात तिला ‘मास्टर्स’ हा सर्वांत वरचा दर्जा मिळाला.

इंग्रजी-3 तिने 2024 च्या उन्हाळी शाळेत केलं, त्यामुळे बारावीला फक्त इंग्रजी-4 उरलं. बारावीत आणखी लहानसहान अटी समोर आल्या, त्या कुणी आधी सांगत नाही. हृदय बंद पडल्यास छाती दाबून श्वास द्यायचं प्रशिक्षण शाळेत असताना एकदा घ्यावंच लागतं. पोलिसाने गाडी थांबवली तर काय करायचं, तुमचे हक्क कोणते, याचा पाठही सक्तीचा आहे. आणि कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज भरणं ही डिप्लोम्याची अट आहे. आमच्यासारख्या व्हिसावरच्या घरातल्या मुलांना केंद्राची मदत मिळत नाही. तेव्हा ‘आम्ही हा अर्ज भरत नाही’ असा सहीचा कागद पालकाने द्यायचा असतो. तो दिला नाही तर काउन्सेलरच्या पडद्यावर मुलाच्या नावापुढे लाल खूण राहते.

आता होंडुरासहून आलेल्या तिच्या मैत्रिणीबद्दल लिहायलाच हवं. ईसॉलच्या वर्गातली ही मुलगी संध्याकाळी एका हॉटेलात काम करायची, धाकट्या भावंडांना सांभाळायची. सगळी क्रेडिटं तिने मिळवली. अल्जिब्रा, बायॉलॉजी, इतिहास सगळं पास. इंग्रजी-2 मात्र दर खेपेला थोडक्यात हुकत राहिली. अशा मुलांसाठी टेक्सासने 2015 मध्ये एक वाट केली. पाचांपैकी जास्तीत जास्त दोन ईओसी राहिल्या असतील आणि बाकी सगळं पूर्ण असेल, तर त्या एका मुलासाठी समिती बसते. मुख्याध्यापक, त्या विषयाचे शिक्षक, विभागप्रमुख, पालक. ती समिती मुलाला एखादा प्रकल्प देते किंवा त्याच्या वर्षभराच्या कामाचा संग्रह पाहते, वर्गातली कामगिरी आणि हजेरी बघते, आणि ठरवते की हे मूल डिप्लोम्याला पात्र आहे का. हा कायदा आधी तात्पुरता होता, पुढे कायमचा झाला. ही वाट नसती तर त्या मुलीला फक्त ‘अभ्यासक्रम पूर्ण केला’ असं प्रमाणपत्र मिळालं असतं, आणि ते डिप्लोम्याच्या जागी चालत नाही.

तिने आपल्या आईच्या गावातल्या कॉफीच्या शेतीवर इंग्रजीत पानंच्या पानं लिहिली, आकडे आणि अवतरणं घालून, आणि समितीसमोर वाचून दाखवली. आई शेजारी बसली होती, दुभाषी तिला सगळं सांगत होता. डिप्लोमा मंजूर झाला. काही लोक म्हणतात की या वाटेने परीक्षेला अर्थ राहत नाही. मी त्यांच्याशी सहमत नाही. एका दिवशी पडद्यावर लिहिलेल्या चार परिच्छेदांपेक्षा चार वर्षं रोज समोर बसलेल्या मुलीला तिचे शिक्षक जास्त ओळखतात, आणि समितीत त्यांना सही करून जबाबदारी घ्यावी लागते.

2025 च्या मेअखेर माझ्या लेकीचा पदवीदान समारंभ झाला. ट्रान्सक्रिप्टवर 26 हून जास्त क्रेडिटं, वरचा दर्जा, आणि अल्जिब्रा-1 सोडून चारही ईओसी पास. ती आता इथल्याच सरकारी विद्यापीठात आहे.

त्याच वर्षी टेक्सासने स्टार बंद करून 2027-28 पासून वर्षात तीन छोट्या परीक्षा घेण्याचा कायदा केला. त्यामुळे पुढे येणाऱ्यांनी माझ्या अनुभवावर विसंबून न राहता त्या त्या वर्षीचे नियम काउन्सेलरकडूनच घ्यावेत. रविवारच्या मराठी शाळेत मला दर उन्हाळ्यात नवी घरं भेटतात, साताऱ्याची, नाशिकची, पुण्याची. नववी-दहावीची मुलं घेऊन आलेली. त्यांना मी आधी कागदांचं सांगते. शाळा सोडल्याचा दाखला, आठवी-नववीची प्रगतिपुस्तकं, आणि प्रत्येक विषयाच्या प्रकरणांची नावं लिहिलेलं मुख्याध्यापकांचं इंग्रजी पत्र, विशेषतः गणित भाग एक आणि भाग दोन वेगळे लिहिलेलं. हे सगळं निघण्याआधी घ्या, इथून मागवायला महिने जातात. दहावी झाली असेल तर बोर्डाची मूळ गुणपत्रिका. घरात मराठी बोलत असाल तर भाषेच्या रकान्यात मराठीच लिहा. आणि काउन्सेलरच्या पहिल्याच भेटीत दोन वेगवेगळे प्रश्न विचारा: कोणती क्रेडिटं मान्य झाली, आणि कोणत्या ईओसी द्यायच्या राहिल्या. दोन्ही उत्तरं ईमेलवर लिहून मागा.